टोकाचा माणूस

जुन्नर तालुक्याला शास्त्रज्ञ ही जमात काही नवी नाही. खोडदची दुर्बीण झाल्यापासून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटवरून घासाघीस करणारा दाढीवाला उद्या पल्सारवरचा तज्ज्ञ निघू शकतो, हे लोकांनी धरूनच ठेवलंय. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. विज्ञान दिनाला शाळांच्या गाड्या भरभरून पोरं जातात आणि संध्याकाळी घरी येऊन एवढंच सांगतात, "लई मोठी हाये." त्यामुळे विज्ञान म्हणजे काहीतरी लई मोठं, अशी तालुक्याची समजूत झाली होती. आमच्या बेल्ह्याच्या नानाने ती मोडली.

नाना ज्या वस्तूवर पोट भरतो तिच्या टोकाची त्रिज्या दहा नॅनोमीटरच्या आसपास असते. खोडदची एक अँटेना या टोकाच्या किती पट, याचा हिशेब त्याने एकदा एसटीत केला होता. वाकडेवाडीला गाडीत बसला तेव्हा उत्तर साडेचारशे कोटी आलं. मला फोन करून सांगितलंही. मंचर गेल्यावर पुन्हा फोन. "तिकडे व्यास धरला आणि इकडे त्रिज्या. व्यासाला व्यासाने भागायला हवं. सव्वादोनशे कोटी लिही." मी काही लिहीत नव्हतो. मी डेअरीच्या रांगेत उभा होतो.

नाना हे त्याचं नाव नाही. बारावीनंतर पुण्याला गेला आणि दर वाक्यात 'नॅनो' म्हणायला लागला, तेव्हा गावाने त्या शब्दाला घरच्यासारखं वळण देऊन तोच त्याला चिकटवला. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगकाठी किडकिडीत, चाल मांजराची. चालीचं कारण पुढे येईल.

एएफएमवाला ही माणसांमधली एक स्वतंत्र पोटजात आहे. एएफएम म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक. नावात सूक्ष्मदर्शक असलं तरी त्यात डोळा लावून बघायला काही नाही. हे यंत्र बघत नाही, चाचपतं. नखाहून लहान अशी सिलिकॉनची एक चिप, तिच्या कडेला बाहेर आलेली, केसाहून अरुंद अशी पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी खाली तोंड केलेली सुई. सुई एखाद्या पृष्ठभागाजवळ नेली की तिथले अणू तिला आधी ओढतात आणि फारच जवळ गेली की ढकलतात. त्याने पट्टी वाकते. ती किती वाकली हे कळावं म्हणून तिच्या पाठीवर लेसरचा ठिपका सोडलेला असतो. तो किरण उलटून चार कप्प्यांच्या एका डिटेक्टरवर पडतो, आणि पट्टी जराशी हलली तरी एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो. मग यंत्र सुई वरखाली करून दाब पहिल्याइतकाच ठेवतं. कुठे किती वरखाली करावं लागलं, त्याची ओळीमागून ओळ नोंद करत गेलं की चित्र तयार.

हे सगळं नाना एका रविवारी रात्री आपल्या चुलत्यांना, तात्यांना, समजावून सांगत होता. तात्या बैलांचे हेडी. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात त्यांची हयात गेली. चौथीनंतर शाळेशी संबंध नाही, पण बैलाच्या वशिंडावर नुसता हात ठेवून त्याने औतावर किती वर्षं काढली ते सांगणार. तात्यांनी पान जुळवत सगळं ऐकून घेतलं, चुना लावला आणि म्हणाले, "म्हंजे रुमालाखालचा भाव."

नाना गप्प झाला. जनावरांच्या बाजारातली ही जुनी रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल किंवा उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरायची, दाबायची. किती बोटं, कुठलं पेर, केवढा दाब, त्यावर आकडा. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही दिसत नाही. दाब जास्त झाला तर समोरचा बिथरतो, कमी पडला तर त्याला कळतच नाही. हाताला हात लागलेला असतो आणि दोन्ही चेहरे कोरे असतात. आतला व्यवहार कळतो तो फक्त ज्याचा हात आत आहे त्याला. नानाला दोन वर्षं प्राध्यापकांनी शिकवलेलं यंत्र तात्यांनी पानाच्या एका विड्यात गुंडाळलं होतं.

"पण मग त्याचं कौतिक काय?" तात्या म्हणाले. "हे आमच्या आज्यापासून चाललंय."

नानाने पुढे हा दृष्टांत एका परिषदेत वापरला. श्रोत्यांतल्या एका जर्मन प्राध्यापकांनी हात वर करून रुमालाची ताठरता किती, असं विचारलं. नाना म्हणतो प्रश्न योग्यच होता.

यंत्राची वंशावळ त्याला तोंडपाठ आहे. १९८१ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी याचा थोरला भाऊ बनवला. तो विजेच्या प्रवाहावर चालायचा, त्यामुळे ज्यातून वीज जात नाही अशा पदार्थापुढे त्याचं काही चालायचं नाही. म्हणून १९८६ साली बिनिगने कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांच्याबरोबर धाकटा जगापुढे आणला. त्याच वर्षी थोरल्याला नोबेल मिळालं. (थोरल्याचा सत्कार आणि धाकट्याच्या अंगावर घरचं सगळं काम, हे आमच्याकडच्या वाटण्यांसारखंच झालं.) धाकट्याच्या पहिल्यावहिल्या पट्टीला सोन्याचा पत्रा होता आणि टोकाला हिऱ्याची कणी चिकटवलेली होती. हे ऐकून नानाच्या आईचे डोळे चमकले.

"आणि तुझी रे कशाची?"

"सिलिकॉनची."

"ते कशातून काढतात?"

"वाळूतून."

"म्हणजे त्यांचं सोनं-हिरं झालं आणि तुझ्या वाट्याला वाळू," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

वाळूची असली तरी एकेक सुई हजारांत जाते. दहा-दहाच्या डबीत येते आणि चिमट्याने उचलावी लागते. चिमट्यातून निसटली तर टोकावरच पडते, हा एएफएमवाल्यांच्या जगात गुरुत्वाकर्षणाइतका पक्का नियम आहे. नानाच्या चालीचं मूळ इथेच आहे. सुई आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर नॅनोमीटरांत सांभाळायचं, तर जगात कुणी पाय आपटलेला चालत नाही. पुण्यात त्याचं यंत्र तळमजल्यावर, रबरी दोऱ्यांना टांगलेल्या जड फरशीवर, आवाज आत येऊ न देणाऱ्या पेटीत आहे. तरी इमारतीची लिफ्ट सुरू झाली की चित्रावर पट्टे उमटतात. कुणी दार आपटलं तर ते दार कुठल्या ओळीला आपटलं हे नाना पडद्यावर बोट ठेवून दाखवतो, आणि कुणी आपटलं हेही. म्हणून त्याचं काम रात्री अकरानंतर, सगळे घरी गेल्यावर. पेटी बंद केली की तास-दीड तास काही करायचं नाही, आतलं तापमान थाऱ्यावर यायला हवं, नाहीतर चित्र हळूहळू एका बाजूला वाहत जातं.

ही शिस्त त्याच्या अंगात मुरली. आळेफाट्याहून जीपने घरी आला की नाना तासभर ओट्यावर नुसता बसतो. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली तर हाताने थांबवतो. "सेटल होऊ दे." गावातल्या नव्या सुनांना वाटतं शहरात काहीतरी वाईट घडलेलं दिसतंय. शिवाय घर कल्याण-नगर रस्त्याला लागून. आणे घाट उतरून आलेला ट्रक दारावरून गेला की नाना चहाच्या कपातले तरंग बघतो आणि सांगतो, भरलेला होता. सुरुवातीला लोक बाहेर धावत जाऊन खात्री करायचे. आता करत नाहीत.

त्याचा मुख्य विषय मात्र उजेड. प्रकाश-प्रतिसादी पदार्थ, म्हणजे प्रकाश पडला की आकार, रंग किंवा ताठरता बदलणारे. गावात हे सांगितल्यावर कुणीतरी म्हणालं की लाईटला शेतकऱ्याएवढा झटपट प्रतिसाद देणारा पदार्थ जगात नसेल. रात्री दोनला लाईट आली की बिबट्याची भीती उशाला ठेवून माणूस मोटर चालू करायला उसात शिरतो. नानाने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो प्रतिसाद उलटता येत नाही. माझा येतो."

आणि खरंच येतो. त्याचा लाडका रेणू अ‍ॅझोबेंझीन. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्याने आपण सगळ्यांनी शर्ट डागाळले त्या मिथिल ऑरेंजचा हा सख्खा नातेवाईक. बेंझीनची दोन कडी आणि मध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुवा. एरवी हा रेणू लांब ताठ असतो. अतिनील प्रकाश पडला की मधल्या दुव्यात वाकतो आणि त्याची दोन टोकं नऊ अँगस्ट्रॉमवरून साडेपाचवर येतात. निळा प्रकाश टाका, किंवा नुसतं अंधारात ठेवा, पुन्हा ताठ. वाकलेलं रूप हार्टली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ सालीच ओळखलं होतं. खरा चमत्कार १९९५ सालचा. कॅनडात रोशॉन आणि नाटनसोन यांनी, आणि अमेरिकेतल्या लॉवेलला सुकांत त्रिपाठी आणि जयंत कुमार यांच्या गटाने, अशा रेणूंच्या प्लॅस्टिकच्या पातळ थरावर लेसरचे दोन किरण एकमेकांत मिसळून सोडले. उजेड-अंधाराचे पट्टे पडले, आणि प्लॅस्टिक त्या पट्ट्यांप्रमाणे सरकून त्याच्या सऱ्या-वरंबे झाले. वितळलं नाही, कुणी खरवडलं नाही. सुई फिरवून पाहिलं तर शेकडो नॅनोमीटर खोल, एकसारख्या सऱ्या. एवढा माल नेमका कुठल्या जोराने सरकतो यावर पंडितांचं अजून एकमत नाही, आणि नानासारख्यांची घरं त्यावरच चालतात.

आता यात मेख अशी, की उजेड टाकला की ऊबही येते. नमुना उबेने फुगतो. सुईची पट्टी, पाठीवर धातूचा मुलामा असला तर, उबेने आपोआप वाकते. यंत्राला पट्टी वाकलेली कळते, ती का वाकली ते कळत नाही. म्हणून नानाचं निम्मं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं आहे: उजेडाने झालं की उष्णतेने? हा प्रश्न आता त्याला कुठेही पडतो. टोमॅटो लाल झाला, उजेडाने की उष्णतेने? (उष्णतेने, असं त्याने आमच्या भाजीच्या टोपलीवर काळं कापड टाकून सिद्ध केलं. टोमॅटो अंधारातही लाल झाले, त्यातले निम्मे सडले.) सरपंच ग्रामसभेत तापले, ते विजेच्या बिलाचा मुद्दा प्रकाशात आल्यामुळे की सभा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा वाजता घेतल्यामुळे? नानाने ग्रामसभा सकाळी आठला घेऊन बघा, असं लेखी सुचवलं. सूचना इतिवृत्तात आहे.

तुलनेला दुसरा नमुना असल्याशिवाय तो कशावरच मत देत नाही. त्याला तो कंट्रोल म्हणतो. बैलगाडा शर्यती २०१४ च्या निकालानंतर थांबल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं. त्यानंतरच्या एका यात्रेत आम्ही त्याला घाटावर नेलं. घोडी पुढे, बैल मागे, भंडारा उधळलेला, भिर्रर्र करून बारी सुटली आणि लाऊडस्पीकरवर सेकंद शंभराव्या भागापर्यंत पुकारले गेले. शंभरावा भाग ऐकून नाना प्रथमच खूश झाला. मग बैलाच्या मालकाकडे जाऊन म्हणाला, "छान. आता हेच बैल, हाच घाट, पण भंडारा न उधळता एकदा." आम्ही त्याला मागून धरून बाहेर काढला. मालक अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

एका शाळेने त्याला आपल्या भागाचा अभिमान या विषयावर बोलायला बोलावलं. बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडलेली आहे. ती सुमात्रातल्या तोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, असं काहींचं मत, आणि त्याहून कितीतरी जुनी, असं इतरांचं. मुख्याध्यापकांची अपेक्षा होती की नाना पहिल्या मताला टाळ्या मिळवून देईल. नाना उभा राहिला, "राख मी स्वतः तपासलेली नाही," म्हणाला आणि खाली बसला. पोरांनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. भाषण एवढं छोटं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

त्याचं लग्न जमणं ही घरच्यांना अशक्य कोटीतली गोष्ट वाटत होती. मुलगी बघायला आम्ही ओतूरला गेलो होतो. पोहे झाले. मुलीच्या मामांनी खाकरून विचारलं, "आपण पुण्यात नक्की काय करता?"

"पदार्थावर प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागाला काय होतं, त्याचा अभ्यास."

"म्हणजे दिवसभर निरीक्षण करता."

"निरीक्षण नाही करत," नानाने शास्त्रीय काटेकोरपणे दुरुस्ती केली. "चाचपतो. रात्री. अंधारात."

बशीवर चमचा ठेवल्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत मोठा वाटला. मुलीची आई आत जायला उठली. तात्या छताकडे बघत होते. तेवढ्यात मुलगी, ती एम.एस्सी. झालेली होती हे आम्ही विसरलोच होतो, मान वर करून म्हणाली, "कॉन्टॅक्ट मोड की टॅपिंग?"

नानाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याला पहिला क्रमांक मिळाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. कॉन्टॅक्टमध्ये सुई पृष्ठभागावर टेकवून ओढत नेतात. टॅपिंगमध्ये ती सेकंदाला तीनेक लाख वेळा थरथरत असते आणि अगदी हलकेच शिवून जाते. "पदार्थ मऊ असेल तर टॅपिंग," नाना म्हणाला. "ओरखडा पडत नाही." मुलीने मामांकडे बघून मान डोलावली. मामांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, पण मुहूर्त निघाला.

वहिनी आल्यावर घरात चप्पल दाराशी काढण्याचा नियम सैल झाला आणि नाना माणसांत आला, असं म्हणायला हरकत नव्हती, पण मध्येच तात्यांचा चष्मा उपटला.

तात्यांनी उन्हात काळा होणारा चष्मा केला होता. महिनाभर गावात ऐट झाली, मग तक्रारी सुरू झाल्या. पौषात सकाळी शेतावर गेलं की काच कोळशासारखी काळी. वैशाखात भर दुपारी, जेव्हा खरी गरज, तेव्हा नुसता धूर. आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर, तोंडावर ऊन घेऊन बसलं तरी ढिम्म. चष्मेवाल्याने फसवलं, असा निकाल तात्यांनी देऊन टाकला. नाना मात्र आनंदाने उठून उभा राहिला, कारण प्रकाश-प्रतिसादी पदार्थ आयता त्याच्या घरी, चुलत्याच्या नाकावर येऊन बसला होता. त्याने सांगितलं की काचेत मुरवलेले रेणू अतिनील प्रकाशाने उघडतात आणि उघडे असले की उजेड गिळतात. उष्णता त्यांना पुन्हा मिटवते. म्हणजे वैशाखात सूर्य एका हाताने उघडतो आणि दुसऱ्या हाताने मिटवतो, पौषात मिटवणारा हात गारठलेला असतो. जीपची पुढची काच अतिनील किरण अडवते, त्यामुळे आत ऊन आलं तरी कामाचं ऊन येत नाही. चष्मेवाला निर्दोष आहे.

तात्यांनी मान हलवली. प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण नाना म्हणाला, "तरी एकदा सुई फिरवून बघू," आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने तात्यांचा चष्मा पुण्याला घेऊन गेला. सोमवारी!

तात्या त्या दिवशी बिनचष्म्याने बाजारात उतरले. बैलाचे दात त्यांनी बोटांनी मोजले, खूर दाबून पाहिले, पाठीवरून हात फिरवला, रुमालाखाली सौदा केला आणि खिल्लार घेऊन घरी आले. बैल नामी निघाला. फक्त तो पांढराशुभ्र असल्याचं तात्या रस्ताभर सांगत आले होते आणि तो कोसा होता. नानाला फोनवर हे कळलं तेव्हा त्याने तात्यांचीच बाजू घेतली. स्पर्शाला रंग कळत नाही, हेच तर तो इतकी वर्षं सांगत होता.

तीन आठवड्यांनी चष्मा परत आला, सोबत टाइप केलेला कागद. सूर्यप्रकाशामुळे काचेच्या पृष्ठभागाच्या उंचसखलपणात बदल: आढळला नाही. साहजिक आहे, रंग बदलतो तो रेणूंच्या आतल्या रचनेत, आणि सुईला वरची कातडी तेवढी लागते. आढळलेले ओरखडे: असंख्य, एकाच दिशेने गेलेले, बहुधा धुळीच्या रुमालाने काच पुसल्यामुळे.

तात्यांनी वाचून घेतलं. "म्हंजे भाव नाय कळला. नुसता रुमाल कळला."

नानाने हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे, तारखेसकट. मला स्वतःला वाटतं की त्याच्या धंद्यावर याहून नेमकी टीका कुठल्या परीक्षकाने केली नसेल.

घरातल्या भिंतीवर त्याने सऱ्या-वरंब्यांच्या एका नमुन्याचं चित्र मोठं करून, चौकट करून लावलंय. सुई रंग बघत नाही, त्यामुळे चित्राला रंग संगणक देतो, आणि का कोण जाणे, या यंत्रांची आवड तपकिरी-सोनेरी. कामानिमित्त आलेल्या एका सरकारी माणसाने ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "ड्रोनने काढलंय? गट नंबर काय?" नाना म्हणाला, "दहा मायक्रॉन बाय दहा मायक्रॉन." पाहुण्याने ते एकर-गुंठ्यात करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जाताना हलक्या आवाजात तात्यांना म्हणाला की, नांगरट सुरेख आहे, पण बांध कुणी कोरला ते बघून ठेवा.

एक गोष्ट मात्र नानाकडून गावाने उचलली. सुईचं टोक झिजलं किंवा तुटलं की पृष्ठभागावरचा प्रत्येक कण सारख्याच आकाराचा दिसू लागतो, कारण चित्रात येतो तो त्या मोडक्या टोकाचाच आकार. टोकाला दोन कोंब फुटले तर प्रत्येक गोष्ट जुळी दिसते. नवशिका विद्यार्थी अशा वेळी शोध लागला म्हणून नाचतो. नाना निमूटपणे सुई बदलतो. पारावर एकदा एकजण आपल्या तिन्ही मेहुण्यांबद्दल, भावकीबद्दल, सोसायटीच्या सचिवाबद्दल आणि शेवटी पावसाबद्दलही एकच तक्रार करत होता, सगळे मेले कपटी. नानाने शांतपणे विचारलं, "सुई कधी बदलली होतीस?" तेव्हापासून बेल्ह्यात कुणी फारच सगळ्यांना नावं ठेवायला लागला की चारजण एकदम ओरडतात, "सुई बदल!" मूळ संदर्भ निम्म्यांना ठाऊक नाही.

गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. नानाने प्रयोगशाळेतल्या जुन्या, टाकून दिलेल्या रबरी दोऱ्या रीतसर परवानगी घेऊन आणल्या आणि तुळईला अशी झोळी बांधली, की रस्त्यावरून ट्रक जाऊ दे, वरवंटा पडू दे, आत केसभर हालचाल पोचू नये. गणित केलं होतं. पेला भरून पाणी आत ठेवून दाखवलं, वर एक तरंग नाही. आम्ही सगळे बघायला जमलो. मुलीला आत ठेवलं, आणि तिने जो सूर लावला तो सोमवारच्या बाजारातही ऐकू गेला असता. अर्ध्या तासाने वहिनींनी तिला उचलून तात्यांच्या जीपमध्ये, घरघरणाऱ्या इंजिनाजवळ नेलं. आळेफाट्याच्या रस्त्याला लागायच्या आत गाढ झोपली. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. झोळीत आकांत, जीपमध्ये घोरणं.

नानाने वही काढली. जीपचं कंपन, इंजिनाची ऊब, की झाकलेल्या जीपमधला अंधार, यातलं नेमकं कशाने झोप येते ते वेगळं काढता येत नव्हतं. दोन रात्री आकडे मांडून तो बायकोला म्हणाला, "एका नमुन्यावरून काही सांगता येणार नाही. कंट्रोल लागेल."

वहिनींनी झोळीची दोरी त्याच्या हातात दिली. "अहो, आधी हा नमुना आजच्या रात्री तीनला तुम्ही सेटल करा. कंट्रोलचं नंतर बोलू."